‘शिव्हर’ मालिका : पौर्णिमेऐवजी थंडी कशासाठी?

प्रश्न
मॅगी स्टीव्हॉटर यांची ‘शिव्हर’ (२००९) ही कादंबरी मी नुकतीच वाचली. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, हे इतके अंगवळणी पडले आहे, की येथे ते रूपांतर थंडीमुळे होते हे वाचून मी थबकले. या बदलाने प्रेमकथेला नेमके काय मिळते? पुढचे भाग वाचावेत का?

प्रतिसाद १
पौर्णिमा येते आणि सरते. कथा जिथे घडते त्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा हिवाळा मात्र लवकर हटत नाही, आणि माणूस म्हणून मिळणारा काळ दर वर्षी आखूड होत गेल्याने शेवटी असा एक उन्हाळा येणार असतो, ज्यात लांडगा होणारा नायक सॅम माणसात परतणारच नाही. म्हणून त्याच्यावर प्रेम करणाऱ्या ग्रेसला प्रत्येक उबदार दिवस मोलाचा वाटतो. प्रकरणाच्या माथ्यावर छापलेले तापमान पाहा : आकडा उतरला, की प्रसंग सुरू होण्याआधीच पोटात गोळा येतो.

प्रतिसाद २
सहमत आहे, परंतु ग्रेसच्या आईवडिलांचे दुर्लक्ष मला पटले नाही, ते कथेच्या सोयीसाठी आणल्यासारखे वाटते. दुसरी कादंबरी ‘लिंगर’ (२०१०) अवश्य वाचावी, कारण तीत कोल आणि इझाबेल हे दोन निवेदक वाढतात, आणि लांडगा होणे ही ज्याला सुटका वाटते, असा कोल सॅमच्या अगदी विरुद्ध उभा राहतो.

प्रश्नकर्ती
मग कोलसाठी तरी वाचतेच. तिसऱ्या ‘फॉरएव्हर’चा (२०११) शेवट समाधान देतो का?

प्रतिसाद १
तीत शिकाऱ्यांपासून कळप वाचवण्याची धडपड आहे. शेवट काहीसा मोकळा ठेवला आहे, आणि मला तो तसाच योग्य वाटला.