प्रतिसाद: शिक्षा डीलरलाच का?

वर एकाने विचारलंय की कार्डरूममध्ये (पैसे लावून पत्ते खेळायची जागा) खेळाडूची फी न कापता एक हात, म्हणजे डाव, वाटला म्हणून डीलरचं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचं, कामाचं परमिट काढून घेणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय नाही का, मालकाला धरा ना. भावना पटते, पण कॅलिफोर्नियातली सिस्टिम जरा वेगळी आहे. तिथे कार्डरूमला स्वतः पत्त्यांवर पैसा लावता येत नाही, त्यांची कमाई म्हणजे टेबलवरची फी, आणि ती हात सुरू व्हायच्या आधीच ठरलेली असावी लागते. तिथल्या सान होजे शहराचंच घ्या, बे १०१ आणि कॅसिनो मॅट्रिक्स अशा दोनच कार्डरूम्स, सिटी त्यांच्या कमाईवर टॅक्स घेते, २०२० मध्ये लोकांनी मत देऊन तो १५ वरून १६.५ टक्के केला. म्हणजे डीलरने ओळखीच्याला फी सोडली तर रूमची कमाई कमी होते आणि त्यामुळे सिटीच्या तिजोरीतही खड्डा पडतो, आणि बाकीच्या खेळाडूंवर अन्याय होतो तो वेगळाच.

टेबल सोडताना डीलर दोन्ही हात झटकून तळवे वर करून दाखवतो ना, ते कॅमेऱ्यासाठी असतं, चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) लपवलेली नाही हे दिसावं म्हणून. एवढा विश्वास ज्याच्या हातावर आहे त्याला नियम कडकच हवेत.

पण एक गोष्ट मला खरंच खटकते. चुकून झालेली गडबड आणि मुद्दाम केलेली चोरी एकाच मापाने मोजू नका. पहिल्या चुकीला ताकीद द्या, थोडे दिवस सस्पेंड करा, आणि परमिट कायमचं काढायच्या आधी त्या माणसाचं म्हणणं नीट ऐकून घ्या, शिवाय सुपरवायझर तेव्हा कुठे होता हेही विचारा.