एएमएच कमी आला, तरी आधी यांचीच तपासणी का?

निफाडची सून:
वय 31, लग्नाला चार वर्षं. माझा एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी, 1.3 आलाय. जाऊबाई म्हणतात, अंडी संपत आली, आता आयव्हीएफच. नाशिकच्या मॅडमनी मात्र आधी यांची सीमेन (वीर्य) तपासणी लिहून दिली. सासूबाईंना ते पटत नाही, आणि हे म्हणतात, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकू दे. सॅम्पल घरून नेलं तर चालेल का?

जुनी सिस्टर, गंगापूर रोड:
मॅडमनी क्रम बरोबर लावलाय. तुझ्या गर्भनळ्यांच्या एक्सरेला डाय सोडतात, पोटात कळ येते. त्यांना फक्त डबी भरून द्यायची आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास पुरुषाकडचंही काहीतरी कारण निघतं, सासूबाई काहीही म्हणोत. एएमएच साठा दाखवतो, इंजेक्शनं दिल्यावर अंडी साधारण किती मिळतील ते. आपोआप दिवस जाण्याशी त्याचा फारसा संबंध नाही; महिन्याला लागतं एकच अंडं.

सॅम्पल तासाभरात लॅबमध्ये पोचावं लागतं. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलात की गेलं! सेंटरमध्येच द्या, वेगळी खोली असते. आधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. साबण, तेल लावायचं नाही. आणि सुरुवातीचे थेंब बाहेर पडले तर काउंटरवर सांगा. जास्तीत जास्त शुक्रजंतू त्यातच असतात. पुरुष लाजून गप्प राहतात, मग रिपोर्ट उगाच कमी येतो आणि घरी रडारड.

पिंपळगावचा बागायतदार:
दादांना सांगा, छाटणी उरकली की काडीला पेस्ट, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारण्या. माल निघेपर्यंत हात मोकळा होत नाही. मी सकाळी डबी दिली, दुपारी बागेत हजर. डॉक्टरांनी कुठली औषधं फवारतो तेही विचारलं, बाटल्यांचे फोटो सोबत ठेवा.

निफाडची सून:
हे वाचून दाखवलं, सोमवारी जातोय. यांना श्रावणात डेंग्यू झाला होता, ते सांगायचं का?

जुनी सिस्टर, गंगापूर रोड:
अगं, आधी तेच सांग! शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हाचा ताप आताच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. एका मिलीलिटरला 1.6 कोटींपेक्षा कमी आले तर घाबरू नका, मॅडम पुन्हा तपासायला लावतील. आयव्हीएफचं नाव तोवर जाऊबाईंनाही काढू देऊ नकोस.