ओल आलेल्या जुन्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल नको, मग काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, मूळचा चुन्याचा गिलावा. चार वर्षांपूर्वी बैठकीच्या रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा काढून सिमेंट प्लास्टर, पुट्टी आणि चकचकीत प्लास्टिक पेंट केला. तिथेच चुकलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत पोपडे सुटले. नख लावलं तरी पांढरा खार पिठासारखा हातावर येतो.

एकदा घासून पुन्हा पुट्टी भरली, एकदा वॉटरप्रूफ कोट मारला. दोन्ही वर्षभरात फुगले. गच्ची गळत नाही, त्या भिंतीत नळाची लाइनही नाही, प्लंबरकडून खात्री केली आहे. ओल जोत्यातूनच चढतेय.

आता ठेकेदार म्हणतो, पीव्हीसी पॅनेल ठोका, काही दिसणार नाही. दिसणार नाही हे खरं, पण ओल मागे कोंडून भिंत आतून खात राहील, शिवाय वाळवीची भीती. टाइल्सचंही तेच. मला सिमेंट उतरवून परत चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग द्यायचा आहे, म्हणजे ओल बाहेर पडून सुकेल.

भिंत १४ बाय १० फूट, बजेट ४० हजार. आईला दमा आहे, म्हणून धुळीचं काम एका दमात उरकायचंय.

सिमेंट काढल्यावर भिंत किती दिवस उघडी सुकू द्यावी? खालचे चारच फूट चुन्यात केले तर वरच्या सिमेंटच्या जोडावर तडा जातो का? आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी बडोद्यात कुणाच्या माहितीत आहे का?