तिसरी-चौथीचा हिवाळा : कापसाचा बर्फ की काठीची सावली?

शंकुछाया

नाताळ ते संक्रांत या जेमतेम तीन आठवड्यांत प्राथमिक वर्गात 'हिवाळा' म्हणून काय शिकवायचं, हे बऱ्याच शाळांत ठरून गेलंय. हिरव्या कागदाच्या झाडाला कापूस चिकटवायचा, गाजराच्या नाकाचा हिममानव रंगवायचा, 'थंडीत आपण लोकरीचे कपडे घालतो' छापाची पाच वाक्यं लिहायची आणि जानेवारी लागला की पतंगाचं चित्र. यातून मुलाला स्वतःच्या गावच्या हिवाळ्याबद्दल काहीच कळत नाही.

माझं म्हणणं असं, की तिसरी-चौथीला या काळात एकच गोष्ट नीट करून घ्यावी. माध्यान्हीची सावली मोजायची. मोजायचे दिवस चारच : २२ डिसेंबर, ३ जानेवारी, १४ जानेवारी आणि २६ जानेवारी. पहिला गणित दिवस, दुसरा सावित्रीबाईंची जयंती, तिसरा संक्रांत आणि आपल्याकडचा भूगोल दिन. म्हणजे हे दिवस शाळेत तसेही पाळले जातातच.

साहित्य : जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच राहील अशी सरळ काठी, ओळंबा, टेप, खडू, सुतळी. काठी मातीच्या कुंडीत रोवली तरी चालते, पण चारही वेळा जागा तीच हवी आणि ओळंबा दोन बाजूंनी लावून बघायला हवा. काठी दोन अंश कलली तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं, आणि २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात मोजायचा सगळा फरकच सहा-साडेसहा सेंटिमीटर आहे. जमीनही सपाट हवी. ती उताराची असेल तर व्हरांड्याचा कट्टा किंवा फरशी निवडा.

पुण्याच्या अक्षांशावर आकडे साधारण असे येतील : २२ डिसेंबरला ९० सेंमी, ३ जानेवारीला ८८, १४ जानेवारीला साडेत्र्याऐंशी, २६ जानेवारीला ७६. दोन मोजण्यांमध्ये अंतर जवळपास सारखं, अकरा-बारा दिवसांचं. तरी घट आधी दोनची, मग साडेचारची, मग साडेसातची. सूर्य दक्षिणेच्या टोकाला रेंगाळतो आणि मग वेग घेतो, हे चौथीतलं मूल वजाबाकी करून स्वतः सांगू शकतं.

दोनवर्गएकशिक्षक

कल्पना चांगली आहे, पण विरोध नोंदवतो. डिसेंबर-जानेवारी हे शाळेचे सर्वांत फाटलेले महिने. केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनाची तालीम, ६ डिसेंबर, २० डिसेंबरला गाडगेबाबा, २४ ला साने गुरुजी, ३ जानेवारी, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद. आमच्या मराठी शाळांना नाताळची लांब सुट्टी नसतेच, २५ तारीख तेवढी असते. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास भरायचे, आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल वाचतं आणि हिशेब करतं झालं पाहिजे हे केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेचं लक्ष्य वर आहेच. द्विशिक्षकी शाळेत एकाच्या ताब्यात दोन-तीन इयत्ता असतात. चौथी अंगणात सावली मोजत असताना पहिली-दुसरीनं वर्गात काय करायचं?

शिवाय तुमच्या तारखांतच खोट आहे. २६ जानेवारीला झेंडावंदन, कवायत, खाऊ झाला की दहाच्या आत मुलं घरी. १४ ला अनेक ठिकाणी सुट्टी. २२ डिसेंबर रविवारी आला तर? आणि बरोबर माध्यान्ही पोषण आहाराची पंगत बसलेली असते.

मोजमापच शिकवायचं तर तिळगूळ घ्या. चाळीस मुलांना १५ ग्रॅमचा एकेक लाडू म्हणजे ६०० ग्रॅम : तीळ २५०, गूळ २५०, दाणे १००. तीळ-दाणे घरून भाजून आणायला सांगायचे. वर्गात शेगडी आणि पाक अजिबात नको, उकळता पाक हातावर पडला तर चिकटून बसतो. भरड कुटायचं, मऊ गूळ किसून मिसळायचा, वळायचं. चिक्कीचा गूळ याला चालत नाही, कडक असतो. फार बारीक कुटलं तर तेल सुटून गोळा तुपकट होतो. दुकानातला भाव मुलांनीच विचारून आणायचा, एका लाडवाचा खर्च काढायचा. वजन, भागाकार, रुपये-पैसे सगळं तासाभरात. आधी पालकांना विचारून घ्यावं, तीळ किंवा दाणे सोसत नाहीत अशी मुलं असतात.

शंकुछाया

तारखांचा मुद्दा मान्य. २६ ऐवजी २५ किंवा २७ घ्या, २५ ला सुमारे ७७ सेंमी येईल. १४ ऐवजी १३ घेतली तर ८४. २२ डिसेंबरची तर काळजीच नको. १८ ते २६ डिसेंबर या काळात सावली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही, कोणताही दिवस धरा. म्हणूनच रोज मोजू नये असं सांगतो. पहिल्या आठवड्यात रोज मोजलं की मुलं 'काहीच बदलत नाही' म्हणून कंटाळतात.

एका मोजणीला वीस मिनिटं, चार वेळा मिळून दीड तासही होत नाही. पंगतीसाठी बारी लावा, एका वेळी सहा मुलांचा गट पुरतो.

पहिली-दुसरीसाठी आकडे नकोतच. सावलीच्या लांबीएवढी सुतळी कापायची, तारखेची चिठ्ठी बांधायची आणि चारही सुतळ्या भिंतीवर एका ओळीत टांगायच्या. कोणती लांब, कोणती आखूड, एवढंच विचारायचं.

तिळगुळाला माझा विरोध नाही. पण लाडवाचा भागाकार दिवाळीत चकलीवरही होतो. सावली या मोसमाशिवाय अशी सापडत नाही.

पाटीपेन्सिल

दोन चुका आधीच सांगून ठेवते. या प्रयोगात त्या हमखास होतात.

पहिली चूक, घड्याळाचे बारा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. पुणं त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे पस्तीस मिनिटांचा फरक. पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो १२:३३ ला, मुंबईत १२:३७ ला, नागपुरात १२:१२ ला. त्यातही ही वेळ पक्की राहत नाही. १४ जानेवारीपर्यंत ती अकरा मिनिटं पुढे जाते, पुण्यात १२:४४. दोन्ही दिवशी घड्याळ बघून बाराला मोजलं तर पुण्यात ९२ आणि ८८ असे आकडे येतील. फरक साडेसहाऐवजी साडेचारच दिसेल. म्हणून आपल्या गावच्या माध्यान्हीच्या अंदाजे वेळेआधी दहा मिनिटांपासून नंतर दहा मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाला खुणा करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. घड्याळावर भिस्त ठेवायची गरजच नाही.

दुसरी चूक, टोकाची धूसर कड. सूर्य अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे एक मीटरच्या काठीची सावली टोकाशी दीड सेंटिमीटरभर पुसट असते. तीन मुलं तीन ठिकाणी खूण करतात आणि भांडतात. उपाय सोपा : काठीच्या टोकावर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवा, त्याला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा. जमिनीवर लंबगोल उजेडाचा ठिपका पडतो, त्याच्या मध्यावर खूण करायची. मात्र भोक काठीबाहेर आलेल्या भागात, एक मीटर उंचीवर हवं, आणि सावली ओळंब्याने काढलेल्या भोकाच्या नेमक्या खालच्या बिंदूपासून मोजायला हवी. भोकातून वर सूर्याकडे कुणी बघणार नाही, याकडे शिक्षकाचं लक्ष हवं.

आता माझा खरा आक्षेप. हे सगळं करून १४ जानेवारीला तुम्ही मुलांना काय सांगणार? घरी, वर्तमानपत्रात, परिपाठात मूल ऐकतं 'संक्रांतीपासून उत्तरायण, आजपासून दिवस मोठा'. तुमच्या सुतळ्या सांगतात की सावली २२ डिसेंबरनंतरच आखूड व्हायला लागली. नऊ वर्षांच्या मुलाला आजी खोटी की काठी खोटी या पेचात का टाकायचं? याचं उत्तर द्यायचं तर पृथ्वीच्या आसाची मंद गिरकी सांगावी लागते, आणि ती चौथीत पेलणारी नाही.

शंकुछाया

वेळेचा मुद्दा मी वर लिहायला हवा होता, आभार.

पेचाबद्दल मात्र असहमत. आसाची गिरकी सांगायचीच नाही. एवढंच सांगायचं : मकर रास हा ताऱ्यांच्या पट्ट्याचा एक भाग, सूर्य तिथे पोचतो त्या दिवसाला संक्रांत म्हणतात. सूर्य दक्षिणेच्या टोकावरून मागे वळतो तो दिवस वेगळा. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत होते, हळूहळू ते सुटे झाले. आजीला मिळालेली गोष्ट त्या जुन्या काळापासून चालत आलेली आहे. यात कुणी खोटं ठरत नाही. इतिहासात 'पूर्वी असं होतं' हे चौथीतलं मूल समजून घेतं, मग आकाशाबद्दल का नाही?

पाटीपेन्सिल

ठीक, पण मग सूर्योदयाच्या वेळा मुलांसमोर आणू नका, किंवा आणल्या तर सूर्यास्तासकट आणा. पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य साधारण सात वाजून तीन मिनिटांनी उगवतो आणि १४ जानेवारीला सात अकराला. म्हणजे संक्रांतीला सकाळ आणखी उशिरा! एकट्या या रकान्यावरून मूल 'दिवस अजून लहान होतोय' असाच निष्कर्ष काढेल. सूर्यास्त त्याहून जास्त पुढे सरकलेला असतो, म्हणून दिवस एकूण सात मिनिटांनी मोठा झालेला असतो. ही वजाबाकी तास-मिनिटांत करायची, म्हणजे हातचा साठाचा. तिसरीत ती हमखास चुकते, चौथीतच घ्यावी.

नाचणीचाकोंब

सावलीला पाठिंबा, पण धागा ज्या सुरात सुरू झाला त्याला विरोध. कापसाचा बर्फ काढा, जरूर काढा. पण त्याबरोबर नाताळच वर्गाबाहेर गेला तर वसई, रेवदंडा, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या मुलांचा सण परका ठरतो. वसईचे सामवेदी ख्रिस्ती घरात कादोडी बोलतात, 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज मार्गाने आपल्या भाषेत कधीचा रुळलाय. किनाऱ्यावर झाड म्हणून सुरूची फांदी उभी करतात. तिथे बर्फाचा संबंध नाही. तेव्हा दोष सणाचा नाही. छापील चित्र बघून शिकवलं जातं, दोष त्याचा आहे.

गोव्यात येशूजन्माच्या गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून नाचणी किंवा गहू आधीच रुजत घालतात. हाच वर्गातला प्रयोग करा. १२-१३ डिसेंबरला धान्य रात्रभर भिजवायचं, पसरट ताटात दोन सेंटिमीटर ओली माती पसरून वर दाट पेरायचं, पहिले दोन दिवस ओल्या गोणपाटाने झाकायचं, मोड दिसले की उजेडात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पाणी साचलं की पांढरी बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. झाकण काढायला उशीर झाला तर कोंब पिवळे, उंच आणि लुळे पडतात. मुद्दाम एक ताट कपाटात ठेवा, मुलांना फरक दिसेल. रोज पट्टीने उंची मोजायची. २४ तारखेपर्यंत गहू चांगला बोटभर होतो, नाचणी त्याहून बुटकी राहते. नाशिक-विदर्भाकडे रात्री फार गार असतात, तिथे नाचणी रुजायला वेळ घेते, गहूच घ्या.

हा प्रयोग रोज बदल दाखवतो. सावलीत पहिले बारा दिवस मिळून दोन सेंटिमीटर. सातव्या वर्षीच्या मुलाला कशात रस वाटेल ते उघड आहे.

शंकुछाया

सुराबद्दलचा आक्षेप मान्य, मी झाडाची आणि हिममानवाची एकत्र मोट बांधली ती चूक. पहिली-दुसरीला गहू, तिसरी-चौथीला काठी, अशी वाटणी मला पटते.

एक जोड मात्र द्यावीशी वाटते. दोन शाळांनी आकडे एकमेकींना कळवावेत. २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची सावली नागपुरात साडेअठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे जवळपास काठीएवढीच. पुण्यात ९०, कोल्हापुरात ८४, पणजीत ८१. एकाच दिवशी, प्रत्येकाच्या माध्यान्ही. नकाशात उत्तरेला सरकलं की सावली लांबते. पृथ्वी गोल असल्याचा हाच पुरावा सहावी-सातवीत कामाला येतो.

दोनवर्गएकशिक्षक

सुतळीची युक्ती आणि दीड तासाचा हिशेब पाहून 'वेळच नाही' हा आक्षेप मागे घेतो. वाचनाचा तास यासाठी मोडू नये, हे मात्र कायम. नोंद तक्त्यावर न करता वहीत दोन वाक्यांत लिहून घेतली तर लेखनही होईल.

पण एक अडचण तशीच आहे. शहरात अनेक प्राथमिक शाळा सकाळच्या सत्रात, सव्वाबाराला सुटणाऱ्या. पुण्या-मुंबईत माध्यान्ह त्यानंतर. त्यांनी साडेअकराला मोजावं का?

पाटीपेन्सिल

घड्याळाचे साडेअकरा नकोत, त्यात निम्म्याहून जास्त फरक गिळला जातो : पुण्यात २२ डिसेंबरला ९९ आणि १४ जानेवारीला ९६, तीनच सेंटिमीटर. त्याऐवजी 'माध्यान्हीच्या बरोबर एक तास आधी' असं धरा. पुण्यासाठी २२ डिसेंबरला ११:३३, ३ जानेवारीला ११:३९, १४ ला ११:४४. सावली ९८, ९६ आणि साडेएक्याण्णव येईल, फरक पुन्हा साडेसहाच. मुंबईच्या शाळांनी या वेळांत चार मिनिटं मिळवावीत, नागपूरच्यांनी एकवीस वजा करावीत. सावली तेव्हा सरळ उत्तरेला पडत नाही, थोडी पश्चिमेकडे कललेली असते, म्हणून टेप काठीच्या पायथ्यापासून सावलीच्याच रेषेत धरायचा. आधी आखून ठेवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर मोजू नये.