सल्ला हवा: आमरसाच्या कारखान्यासाठी पीएलसी कोणता घ्यावा?

हापूसवाला_मिरजोळे
रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा आमरस डबाबंद करण्याचा छोटा कारखाना आहे. वाफेच्या दोन किटल्या, ढवळणी, कन्व्हेयर आणि पंप हे सर्व अजून रिले-टायमरच्या जुन्या पॅनेलवर चालते. गेल्या मे महिन्यात ढवळणीचा टायमर अडकला, वाफ मात्र चालू राहिली आणि एक अख्खी किटली रस करपला. मोजल्यावर 11 इनपुट (बटणे, सेन्सर यांचे आत येणारे संकेत), 9 आउटपुट (मोटर, व्हॉल्व्ह यांना जाणारे आदेश) आणि एक पीटी-100 तापमापक एवढी गरज निघाली. पॅनेलसह 40 हजारांत बसेल असा पीएलसी (रिले-टायमरऐवजी प्रोग्रॅमने यंत्रे चालवणारा छोटा संगणक) सुचवावा. जूनअखेर बंद झालेला कारखाना मार्चमध्येच उघडतो, हेही ध्यानात घ्यावे.

लोटे_इन्स्ट्रुमेंट
सीमेन्सचा एस7-1200 घ्या, त्यातही 1214सी. त्यात मुळातच 14 इनपुट आणि 10 आउटपुट असतात. आम्ही लोट्यात नऊ वर्षांत असे चार बसवले, एकालाही हात लावावा लागलेला नाही. खर्च 40 हजारांच्या पुढे जाईल, पण रस करपण्यापेक्षा तो परवडतो.

काजूगर_वेंगुर्ले
1214सीचे अंगचे अ‍ॅनालॉग (कमी-जास्त होणारे मोजमाप घेणारे) इनपुट फक्त 0 ते 10 व्होल्ट घेतात, त्यामुळे पीटी-100 त्याला थेट जोडता येत नाही. ट्रान्समीटर (तापमानाचे व्होल्टमध्ये रूपांतर करणारे उपकरण) किंवा वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते, शिवाय सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे. डेल्टा कंपनीच्या पीएलसीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यांच्या डीव्हीपी-14एसएस2 मध्ये 8 इनपुट आणि 6 आउटपुट आहेत, बाजूला विस्तार मॉड्यूल आणि पीटी-100 चे मॉड्यूल लावले की काम भागते. आमचा काजूचा ड्रायर असाच चालतो.

लोटे_इन्स्ट्रुमेंट
तीन डबे शेजारी शेजारी जोडून शेवटी किती रुपये वाचले, तेही लिहावे.

खाडीकाठ
ब्रँडचा वाद नंतर घालावा. आमचा बर्फाचा कारखाना खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पॅनेल तापते म्हणून आम्ही दारावर पंखा बसवला आणि त्याने दोन वर्षे खारी हवा आत ओढली. एक इनपुट कधी लागे, कधी लागत नसे. आम्ही कार्ड बदलले, मग सेन्सर बदलला, आणि शेवटी टर्मिनलचा स्क्रू सोडला तेव्हा तारेचे टोक हिरवे पडून पेन्सिलीच्या शिशासारखे तुटून हातात आले. म्हणून आयपी-65 चे (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येणारे) बंद पॅनेल घ्या, पंखा लावू नका, केबली खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणा, तारांच्या टोकांना कथील चढवलेले लग (धातूच्या टोप्या) लावा आणि कारखाना बंद असला तरी पावसाळाभर पॅनेलमधला छोटा हीटर चालू ठेवा, म्हणजे आत दव धरणार नाही.

जुना_फोरमन
खाडीकाठ यांच्याशी सहमत आहे. शिवाय सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह) आणि काँटॅक्टर (मोटरचे मोठे स्विच) पीएलसीच्या आउटपुटवर थेट टाकू नका, मध्ये रिले बोर्ड द्या. जळलेला रिले शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतो. लॅडरची, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीची, भीती बाळगू नये, ती रिलेच्या नकाशासारखीच काढतात, त्यामुळे तुमचा वायरमनही ती वाचू शकेल. मित्सुबिशीच्या एफएक्स3यूसारख्या पीएलसीत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकतो. कारखाना आठ महिने बंद राहिला आणि बॅटरी संपली, तर मार्चमध्ये पाटी कोरी मिळते. आमच्याकडे नेमके तेच झाले. प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड बसवणाऱ्याकडे होते आणि त्याने फोन उचलणे बंद केले होते. प्रत हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

देवगड_पल्प
सीमेन्सच घ्यावा. पॅनेलला पंखा मात्र लावू नये.

हापूसवाला_मिरजोळे
सर्वांचे आभार. आमच्या मेव्हण्यांच्या बंद पडलेल्या युनिटमधला, सात वर्षे वापरलेला एफएक्स3यू-32एमआर 12 हजारांना घेतला आहे. त्यात 16 इनपुट आणि 16 आउटपुट आहेत. पीटी-100 जुन्याच टेम्परेचर कंट्रोलरवर ठेवून त्याचा काँटॅक्ट एका इनपुटला देणार आहे. नवी बॅटरी मागवली आहे आणि उरलेल्या पैशांत बंद पॅनेल आणि हीटर बसतो. आतल्या प्रोग्रॅमला पासवर्ड आहे, पण तो पुसून नवाच लिहून घ्यायचा असल्याने अडचण नाही.

काजूगर_वेंगुर्ले
12 हजार म्हणजे जास्तच दिलेत.