मीटरवर अर्थ (अर्थिंग) ठीक दिसतो, मग सेल्फ (स्टार्टर मोटर) का उचलत नाही?

प्रश्न (यावल):
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वडिलांच्या काळातील १२ व्होल्टची डिझेल जीप आहे. केळीच्या बागेसाठी युरिया आणि पोटॅशच्या गोण्या तिनेच वर्षानुवर्षे वाहिल्या. महिनाभरापासून सेल्फ मारला की इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबते, आणि इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्यासोबत मिचमिचतो. बॅटरी नवीन आहे. सेल्फ उघडून बुश आणि कार्बनही बदलले. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत मीटरने रोध मोजला, तो जवळजवळ शून्य ओहम येतो, म्हणून अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परतण्याची वाट, चांगला आहे असे मी धरून चाललो आहे. वायरमन मात्र सगळे वायरिंग बदला म्हणतात. तो खर्च करावा का?

उत्तर (भुसावळ):
भाऊ, थांबा. गाडी बंद असताना घेतलेले ओहमचे माप इथे फसवते. मीटर मोजण्यापुरता नगण्य करंट सोडते. अर्थ पट्टीच्या (अर्थ जोडणाऱ्या विणलेल्या तारांच्या पट्टीच्या) दोनच तारा शाबूत असल्या तरी तो सहज जातो. डिझेलचा सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक ओढतो. सांध्यात ०.०१ ओहम रोध असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि एवढा बारीक रोध साधे मीटर धड दाखवूही शकत नाही. म्हणून मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, कारण खराबी क्लॅम्पखालीही असू शकते) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले, तर खांब ते चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि चेसिस ते इंजिन असे वेगवेगळे मोजून अडलेला टप्पा शोधा.

उत्तर (धुळे):
वरील म्हणणे योग्य आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते चेसिसला आपोआप जोडलेले नसते. ती जोडणी एका पट्टीवर अवलंबून असते. पोटॅश म्हणजे क्लोराइडचे क्षार, त्यात ओल मिसळली की पट्टीच्या थिंबलखाली (टोकाच्या बोल्ट लावायच्या कडीखाली) गंज धरणारच. पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. अशा करंटने ॲक्सिलरेटरची केबल गरम होऊन अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. मागच्या दिव्याचा दोष मात्र वेगळा आहे. त्या दिव्याचा स्वतःचा अर्थ गेला की इंडिकेटरचा करंट शेजारच्या फिलामेंटमधून परततो आणि दोन्ही एकत्र मिचमिचतात. काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा.

उत्तर (जळगाव):
जम्पर केबल निगेटिव्ह खांबापासून थेट इंजिनला लावून सेल्फ मारून पाहा. गाडी उचलली, तर निदान दोन मिनिटांत होते.

प्रश्नकर्ता (यावल):
सर्वांचे आभार. सेल्फ मारताना खांब ते चेसिस ०.१ व्होल्ट आणि चेसिस ते इंजिन १.७ व्होल्ट आले. गिअरबॉक्सजवळची पट्टी हिरव्या भुकटीने भरली होती आणि हात लावताच अर्धी तुटून पडली. जाड पट्टी आणली, दोन्ही जागांचा रंग पॉलिश पेपरने खरवडून बोल्ट कसले, वरून ग्रीस लावले. जीप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मागच्या दिव्याचा स्क्रू गंजून बसला आहे, त्याला उद्या ड्रिल लावतो.