सरांच्या मेमोरियलमध्ये काय बोलू? 'सर' म्हटलेलं चालेल का?

उंटावरची_शहाणी:
मंडळी जरा मदत करा. अमेरिकेत मास्टर्स करत होते तेव्हाचे माझे सर मागच्या आठवड्यात गेले. मी तिथे अल्फा फाय ओमेगामध्ये होते, फ्रॅटर्निटी (तिकडच्या कॉलेजातली विद्यार्थ्यांची मंडळं) म्हटलं की लोकांना बिअर आणि पार्ट्याच आठवतात पण ही सर्व्हिसवाली, 1925 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात सुरू झालेली, रक्तदान कॅम्प, हायवेवरचा कचरा उचलणं असली कामं. सर आमच्या चॅप्टरचे, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेचे, ऑनररी मेंबर होते. आता चॅप्टरची पोरं म्हणतायत झूमवर दोन मिनिटं बोल. तिथे सगळे त्यांना 'ब्रदर' म्हणणार (मलाही ब्रदरच म्हणायचे, मुलीसुद्धा ब्रदरच, 1976 पासून मुलींना घेतात पण शब्द तोच राहिला), बाकी वेळी सगळे त्यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारायचे. मला ते दोन वर्षांत एकदाही जमलं नाही, तोंडातून सरच यायचं. आता तिथे सर म्हटलं तर विचित्र वाटेल का? आणि लिहायला बसलं की "फार मोठा माणूस" च्या पुढे गाडीच जात नाही.

जुना_खडू:
वाईट वाटलं वाचून. सरच म्हण, बिनधास्त. दोन वर्षं तेच म्हणत होतीस, आता बदललंस तर त्यांनाच ओळखू येणार नाही. 'फार मोठा माणूस' मात्र काढ, ते सगळेच म्हणतील. एकच किस्सा घे. तिकडे बऱ्याचदा सेलिब्रेशन ऑफ लाइफ म्हणतात, आपल्या शोकसभेसारखं नसतं, हसू आलं तरी कोणी वाईट मानत नाही. आणि तीनशे शब्दांच्या आत बसव, मी माझ्या गाईडच्या वेळी चार पानं नेली होती आणि दुसऱ्या पानावर आवाजच गेला.

कोपऱ्यातला_बाक:
फुलं पाठवायच्या आधी ऑबिच्युअरी नीट वाच, फुलांऐवजी अमुक फंडाला द्या असं पुष्कळदा असतं. ऑनलाइन देताना 'इन मेमरी ऑफ' च्या खान्यात त्यांचं नाव टाक, म्हणजे घरच्यांना कळवतात, रक्कम शक्यतो सांगत नाहीत.
बाय द वे ऑनररी म्हणजे नुसता मान ना? पिन लावली, फोटो काढला, झालं?

उंटावरची_शहाणी:
@कोपऱ्यातला_बाक कागदावर तसंच असेल, पण सर येऊन बसायचे हो. आमच्या प्रत्येक रक्तदान कॅम्पला. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला रक्त देता यायचं नाही, ऐंशीच्या दशकात ते काही वर्षं इंग्लंडमध्ये होते आणि 1980 ते 96 मध्ये तीन महिने किंवा जास्त तिथे राहिलेल्यांचं रक्त अमेरिकेत घेतच नसत, मॅड काऊ या गायींच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने. मग हे ज्यूस आणि बिस्किटांच्या टेबलावर. रक्त देऊन आलेल्या पोराला पंधरा मिनिटं उठू द्यायचे नाहीत, तेवढ्यात त्याचा होमवर्क कुठे अडलाय ते काढून घ्यायचे. माझा थिसिसचा विषय त्याच टेबलावर ठरला, पेपर नॅपकिनवर. नॅपकिन अजून आहे.
2022 मध्ये एफडीएने (औषधं, रक्त वगैरेंचे नियम करणारं तिथलं सरकारी खातं) ती अट काढली. तोवर मी पास होऊन कितीतरी वर्षं झाली होती. एक दिवस सगळ्या जुन्या लोकांना मेल आला, आत फक्त फोटो, दंडाला पट्टी आणि हातात ज्यूस. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि चेहरा असा की जणू पहिल्यांदा पास झालाय.

जुना_खडू:
अगं मग विचारतेस काय? हेच वाच. शब्द मोज, दोन मिनिटांत बसतंय. नॅपकिन कॅमेऱ्यासमोर धर.

उंटावरची_शहाणी:
धरते. माझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन असणार, अलार्म लावते.